मिऱ्या सापडत नाही

एडिटरवरून भांडणं हा आपल्या धंद्यातला जुना खेळ आहे. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या गच्चीवर आम्ही विम की ईमॅक्स यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडलोय. गंमत म्हणजे भांडणाऱ्यांतल्या निम्म्यांना विममधून बाहेर कसं पडायचं हेही येत नव्हतं! आता नोकरी लागली, लग्नं झाली, हप्ते सुरू झाले, तरी भांडण चालूच. थीम काळी की पांढरी, टॅब की स्पेस, आणि हल्ली एआय कुणाचा चांगला. पण या सगळ्या वर्षांत एक साधा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. या एडिटरमध्ये मराठी नीट लिहिता येतं का?

खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नव्हता. मग गेल्या एप्रिलमध्ये माझी फजिती झाली.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम रत्नागिरीतल्या घरी बसून करतो. आमच्या ओळखीच्या एक मावशी डबे देतात. त्यांचे बरेचसे डबे जातात ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे. मुलं पुण्या-ठाण्यात, आईवडील इथे. पैसे मुलं भरतात, डबा इथे पोचतो. मावशींना एक छोटी वेबसाइट हवी होती, अख्खी मराठीत. मुलाने गावाचं नाव टाकायचं, डबा तिथे जातो की नाही ते कळायचं, की महिना भरायचा. दोन शनिवार-रविवारचं काम. गावांची यादी मावशींच्या भाचीने फोनवर टाइप करून पाठवली. शिरगाव, नाचणे, भाट्ये, मिरजोळे, मिऱ्या. मी ती उचलली, फाइलमध्ये चिकटवली आणि झोपलो.

पंधरा दिवसांनी मावशींचा फोन. "अरे, मिऱ्याला आपण डबा देत नाही असं तुझी वेबसाइट कशी काय सांगते? ठाण्याहून एकाने विचारलंन. आई एकटी आहे म्हणे, पाय मोडलाय तिचा." दोन आठवडे तो मुलगा 'सेवा उपलब्ध नाही' वाचून गप्प बसला होता. आणि मावशींचा माणूस रोज त्या बाईंच्या दारावरून सायकल हाणत पुढे जात होता.

एडिटर उघडला. संपूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधलं, मिऱ्या. उत्तर आलं, काही सापडलं नाही. आणि तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर, त्याच खिडकीत, यादीतल्या पाचव्या ओळीत बसलेला! मी तीनदा टाइप केलं, एडिटर बंद करून उघडला, शेवटी चष्मा पुसला. (हो, तेही केलं.)

कारण कळायला तासभर गेला. कोकणात राहणाऱ्यांनी तरी ते समजून घ्यावं, कारण किनाऱ्यावर, वाऱ्यावर, खाऱ्या पाण्यावर आपण जगतो आणि हे सगळे शब्द एकाच अडचणीत आहेत. मिऱ्यातला तो पापणीसारखा आडवा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. दोन, साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर, आणि पुढे य. युनिकोडने दोन्ही मान्य केलेत. दुसरी तऱ्हा जुन्या दुसऱ्या आवृत्तीशी जमावं म्हणून ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, मिऱ्या आणि मिर्‍या. पण जावास्क्रिप्टला लांबी विचारा. पहिला 6 सांगेल, दुसरा 7. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन वापरलं तरी हे दोन एक होत नाहीत. भाचीच्या फोनने एक लिहिला होता, ठाण्याच्या मुलाने दुसरा.

आता यात एडिटरचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. दोन तऱ्हा त्याने निर्माण केल्या नाहीत आणि तंतोतंत तेच अक्षर शोधणं हे त्याचं कामच आहे. मान्य. चूक माझी होती आणि ती मी दुरुस्त केली. साइटवर येणारा प्रत्येक शब्द आधी एकाच तऱ्हेत बदलायचा, साठवतानाही आणि शोधतानाही. एका ओळीचं काम. पण एडिटर हे माझं डोळ्यांचं साधन आहे हो! इंग्रजी कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला तर तो लाल रेघ ओढून बोंब मारतो. आणि इथे दोन वेगळे शब्द मला एकच म्हणून दाखवतो आणि वर सांगतो की सापडत नाही. याला साधन म्हणत नाहीत.

हे मी ऑफिसातल्या एका सीनियरला सांगितलं. तो हसला. "कोडमध्ये मराठी कशाला घुसवतोस? गावांची नावं इंग्रजीत ठेव ना."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. एकतर इंग्रजीत तरी मिऱ्याचं एक स्पेलिंग आहे का? पाच जणांना लिहायला सांगा, तीन स्पेलिंगं मिळतील. आणि दुसरं म्हणजे, ज्यांच्यासाठी साइट आहे ती माणसं मराठी वाचतात. साधन मराठीला नाही म्हणतं म्हणून आपण मराठीच गाळायची, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. 2000 च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडायच्या तर प्रत्येकाचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, आणि तो नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यातून सुटायला म्हणून कित्येकांनी मराठी मजकुराची चक्क चित्रं करून लावली. चित्रात शोधता येत नाही, चित्र आंधळ्या माणसाला वाचून दाखवता येत नाही. पण साधनाला त्रास झाला नाही!

त्याहून जुनं उदाहरण तर आमच्या गावचंच आहे. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांनी लिपिशुद्धीची मोहीम चालवली. छपाईचे आणि टंकलेखनाचे खिळे कमी व्हावेत म्हणून इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु लिहा, असा आग्रह. ते पटो न पटो, त्यामागची अडचण खरी होती. खिळे शिशाचे होते, प्रत्येक जोडाक्षराला वेगळा खिळा पाडायचा तर पैसे आणि जागा दोन्ही लागत. यंत्र वाकत नव्हतं म्हणून लिपी वाकवायची वेळ आली. आज यंत्र शिशाचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. ते वाकतं. वाकवायला लावायचा कंटाळा मात्र आपला आहे.

मग आपण एडिटर कशावर निवडतो? सगळे वापरतात म्हणून. 2024 च्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या पाहणीत सुमारे 74 टक्के लोकांनी व्हीएस कोड सांगितला. ठीक आहे, चांगला आहे, मीही वापरतो. पण गर्दी हे कारण फार दिवस पुरत नाही. ब्रॅकेट्सचा आधार अडोबीने 2021 मध्ये काढून घेतला. अ‍ॅटमसाठी लोक वेडे झाले होते, तो गिटहबने डिसेंबर 2022 मध्ये गुंडाळला. एडिटर येतील आणि जातील, मिऱ्या तिथेच राहणार आहे.

आता कुणी म्हणेल, एआय आहे की, तोच लिहील. लिहील ना. पण दोनपैकी कुठल्या तऱ्हेने लिहिलं हे तुम्हाला दिसलं नाही तर तुम्ही तपासणार काय, कपाळ? आणि हो, 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की न दिसणारी अक्षरं घालून कोडमध्ये लबाडी करता येते. त्यानंतर व्हीएस कोडने अशा अक्षरांवर खूण करायची सोय आणली. चांगलंच झालं. पण तो पहारा कोडात घुसणाऱ्या चोरासाठी आहे, मराठी शब्द तपासण्यासाठी नाही. त्याच्यावर विसंबू नका.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. नवीन एडिटर घेतला की पाच मिनिटं लागतात.

पहिलं, दोन्ही मिऱ्या चिकटवायचे. हे दोन वेगळे आहेत हे एडिटर कुठल्याही मार्गाने मला दाखवू शकतो का? म्हातारा विम इथे भाव खाऊन जातो. अक्षरावर कर्सर ठेवून 'जी' आणि 'ए' दाबलं की तो त्याचा युनिकोड आकडा सांगतो.

दुसरं, 'रत्नागिरी' लिहायचं आणि उजव्या बाणाने चालायचं. आपल्या हिशेबाने चार अक्षरं, जावास्क्रिप्टच्या हिशेबाने 9. कर्सर 'त्ना'च्या पोटात अडकतो का? मागचं खोडताना नेमकं काय खोडलं जातं?

तिसरं, 'मूर्तींपुढे' लिहायचं. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. डोकं किंवा पाय कापला जातो का? कोडसाठीच्या नावाजलेल्या फाँटमध्ये, म्हणजे फिरा कोड किंवा जेटब्रेन्स मोनोमध्ये, देवनागरी नाहीच. तेव्हा एडिटर दुसऱ्या फाँटच्या नावाची सोय देतो का ते बघायचं. मी दुसरं नाव मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता असं देतो आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवतो. कामं हलकी होतात.

चौथं, फाइल साठवायची, बंद करायची, उघडायची. मराठी मराठीच राहिलं पाहिजे. काही साधनं 'र'चं 2352 अशा आकड्यात रूपांतर करून ठेवतात. ब्राउझरला ते समजतं, पण मावशींच्या भाचीला ती फाइल दुरुस्त करता येत नाही.

चारही बाबतींत पैकीच्या पैकी मिळवणारा एडिटर मला अजून मिळालेला नाही. सध्या लिहायला व्हीएस कोड आणि संशय आला की विम, असा संसार चाललाय. तुम्ही काय वापरावं हे मी सांगणार नाही. पण तुमच्या ऑफिसात पुढच्या वेळी एडिटरवरून जुंपली तर मध्येच हा मराठीचा प्रश्न टाकून बघा. आणि जिथे नापास होतो तिथे त्या एडिटरच्या लोकांना शांतपणे, नेमकं उदाहरण देऊन कळवा. आपण कळवलंच नाही तर त्यांना पापणीचा र माहीत असायचं काही कारण नाही.

असो. ठाण्याच्या मुलाने महिना भरला. मिऱ्याला डबा सुरू झाला. त्या बाईंनी मावशींकडे निरोप पाठवला की आमटीत मीठ जरा कमी चालेल. हा बग मात्र माझ्या खात्यात येत नाही :)