अंथरूण पाहून डाव

श्रावण आला की सुरतेत सातम-आठमचे पत्ते निघतात. शीतला सातम आणि जन्माष्टमीच्या आसपास गल्लोगल्ली तीनपत्तीचे डाव बसतात. लिंबायत-उधना भागातील आम्हा खानदेशी मंडळींचा तर हा दुसरा हंगाम; पहिला वैशाखात, आखाजीला, गावाकडे होऊन गेलेला असतो. वडीलधारी माणसे म्हणतात, पत्ते वाईटच. मित्र म्हणतात, नशिबाचा खेळ आहे, बसून तर बघ. या दोन्ही मतांत एक प्रश्न राहूनच जातो आणि तो वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे: ज्याचा खिसा लहान आहे, त्याला कोणता खेळ सोसेल?

मराठी शाळेत सरळव्याजाच्या गणितात आम्ही ‘मुद्दल’ हा शब्द शिकलो. कॉलेजात त्याचे भांडवल झाले. पत्त्यांच्या बैठकीत मात्र मुद्दल मोजायची रीत नाही. तिथे हातातले पान पाहतात, खिशातले पैसे पाहत नाहीत. आपण उलट करून पाहू.

समजा, खिशात 500 रुपये आहेत. तीनपत्तीत तीन पानांचे एकूण 22,100 प्रकारचे हात संभवतात. त्यांपैकी 16,440 हातांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतून जवळजवळ तीन वेळा हात रिकामा. बूट 10 रुपयांचा असेल तर नुसता बूट भरून पान टाकत राहणारा 50 डाव टिकेल. बूट 100 रुपयांचा असेल तर पाचच डाव. आणि त्या पाचही डावांत जोडी न येण्याची शक्यता शंभरात सुमारे 23 आहे. हे झाले फक्त बुटाचे. खरी कत्तल चालीत होते. पान पाहिलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट भरावे लागते. समोरचा ब्लाइंड खेळत 10, 20, 40, 80 असे वाढवत गेला, तर आपल्याला 20, 40, 80, 160 भरावे लागतात. बुटासह 310 रुपये गेले. पुढच्या चालीला 320 हवेत आणि उरले 190. हातात चांगली पाने असूनही डाव सोडायचा! घरगुती बैठकीत चालीला सहसा कमाल मर्यादा नसते, म्हणून हा खेळ लहान मुद्दलाला सर्वांत घातक आहे असे माझे मत आहे.

आता तेरा पानांची रमी घ्या. पॉइंटच्या रमीत एका डावात हार जास्तीत जास्त 80 गुणांची. पहिल्याच फेरीत डाव सोडला तर 20 गुणांची. गुणाला 10 पैसे दर धरला तर सगळ्यात वाईट डाव 8 रुपयांचा. तेच 500 रुपये असे 62 डाव पुरतील. पण दर गुणाला एक रुपया केला की तीच रमी सहा डावांत खिसा रिकामा करील. खेळ तोच, दर बदलला की धोका बदलला.

पोकरचेही असेच. टेबलावर मांडलेल्या रकमेबाहेर कोणी आपल्याकडून मागू शकत नाही, आणि पैसे संपले तरी आपल्या भरण्यापुरत्या हिश्श्यासाठी आपण डावात राहतो. तीनपत्तीपेक्षा हा न्याय बरा. तरीही ज्या पोकरमध्ये बोलीला मर्यादा नाही, तिथे सगळी मांडलेली रक्कम एका हातात जाऊ शकते. ठरावीक बोलीचे पोकर किंवा एकदाच प्रवेश-शुल्क भरून खेळायची स्पर्धा लहान खिशाला अधिक मानवते, कारण तोटा किती हे आधीच कळते.

कायदा मात्र वेगळा प्रश्न विचारतो: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची मानली. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकर जुगारात घातला. कर्नाटकाने 2021 मध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर घातलेली बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली, हे आपल्या कन्नड विभागातील मित्रांना आठवत असेल. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा पाळावाच. पण माझे म्हणणे असे की, कौशल्य असूनही लहान मुद्दलाचा माणूस बुडतो, आणि हे कोणी सांगत नाही.

गणित सोपे आहे. दोघे अगदी सारख्या कसबाचे. प्रत्येक डाव निम्म्या-निम्म्या शक्यतेचा. माझ्याकडे 500, समोरच्याकडे 4,500. एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचे ठरले, तर मी बुडण्याची शक्यता शंभरात 90! लहान बोली लावून हा आकडा बदलत नाही. बुडायला फक्त उशीर होतो. त्या उशिराचा उपयोग एवढाच की वेळेवर उठता येते. त्यातून अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा, म्हणजे नाल, काढत असेल, तर उशीरही त्याच्याच फायद्याचा. महाभारतातील द्यूतातही फासे शकुनीचे आणि पण दुर्योधनाचा होता. कसब एकाचे, खजिना दुसऱ्याचा. युधिष्ठिराने त्याला हरकत घेतली आणि तरीही तो बसला. शकुनीच्या कपटाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, या खजिन्याबद्दल कमी.

म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. एका डावातला कमाल तोटा आधी ठरलेला आहे का? तो आपल्या मुद्दलाच्या पन्नासाव्या भागाहून कमी आहे का? आणि मधला कोणी नाल घेतो का? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ आले, तरच पुढचा विचार.

आणि मुद्दल म्हणजे खिशातले सगळे पैसे नव्हेत. खानावळीचे, फीचे, घरी पाठवायचे पैसे वजा जाता जे उरते आणि जे गेले तरी महिना अडत नाही, तेवढेच मुद्दल. माग चालवणाऱ्याच्या पगारातून आणि आमच्यासारख्या विद्यार्थ्याच्या हातखर्चातून ही वजाबाकी प्रामाणिकपणे केली, तर बहुतेकांचे उत्तर शून्य येईल. शून्य मुद्दलाला सोसणारे खेळही आहेत: मेंढीकोट आहे, झब्बू आहे, कागदावर गुण लिहून खेळायची रमी आहे. आमचे प्राध्यापक वर्गात ‘जोखीम’ शिकवतात, तेव्हा एखादा तास हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा, अशी त्यांना विनंती आहे. सातम-आठमच्या आधीच्या आठवड्यात तो झाला, तर उत्तम.