बरं हाय!

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या घरी माळ्यावरचे डबे खाली उतरतात. परवा गौरीच्या मुखवट्यांची पेटी उघडली, तर तळाशी अंथरलेल्या कागदांत एक घडी घातलेला छापील कागद निघाला. ‘सेवासिंधू’चा अर्ज! 2020 च्या जुलैत झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला आणि कधीच न वापरलेला. मुलगा म्हणाला, “टाकून देऊ का?” मी म्हटलं, “नको, राहू दे.” त्या कागदाशी माझी एक चूक बांधलेली आहे. आज तीच सांगावी म्हणते.

माझं सासर निपाणी, माहेर कागल. मध्ये वीसेक किलोमीटर. निपाणीहून निघालं की कोगनोळीचा टोलनाका, पुढे दूधगंगेचा पूल आणि आलंच कागल. 1956 पासून मध्ये राज्याची सीमा आहे हे शाळेत शिकले, कॉलेजात शिकवलंही. पण घरात ती सीमा कधी जाणवली नव्हती. आमच्या सोयरिकी दोन्हीकडच्या, बाजार दोन्हीकडचा, भाषाही दोन्हीकडच्या. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्या घरात कन्नड बोलतात आणि भाजीवाल्याशी मराठीत भांडतात! माझी आई आणि अव्वा फोनवर भेटल्या की अव्वा विचारणार, “आराम अदीरी?” आणि आई सांगणार, “बरं हाय.” दोघींनाही एकमेकींचं सगळं कळतं.

25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. पाडवा झाला की आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ते अर्थातच राहिलं. भाऊ नोकरीमुळे पुण्यात अडकला, मी इकडे आणि बहात्तर वर्षांची आई कागलच्या घरात एकटी. शेजारचा मुलगा दूध-भाजी आणून द्यायचा. मी रोज संध्याकाळी फोन करायची. “आई, डोळ्याचं कसं काय?” “बरं हाय गं. तू तुझं घर बघ.”

जूनपासून देशात ‘अनलॉक’ सुरू झालं. 8 जूनला देवळं आणि हॉटेलं उघडली. समोरच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशींच्या हाताला पुन्हा काम मिळालं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमाला घरात बसनं परवडलं, आमाला न्हाई.” खरंच होतं ते. आमच्या घरात मात्र अनलॉक काही होईना. अव्वांनी दाराशी बादली आणि तांब्या ठेवला होता. कोणीही आलं की आतूनच आवाज यायचा, “कैकाल तोळकोंड बा!” हातपाय धुऊन ये! दुधाची पिशवी साबणाने धुवायची, भाजी मिठाच्या पाण्यात टाकायची, पेपर उन्हात ठेवून मग वाचायचा. नोटासुद्धा दिवसभर खिडकीत वाळत पडायच्या. आज हसू येतं, पण तेव्हा त्यातलं एकही काम चुकलं तर छातीत धस्स व्हायचं.

आणि सीमा? ती तर आणखी घट्ट झाली होती. जूनमध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर सेवासिंधूवर नोंदणी, हातावर शिक्का आणि सात दिवस सरकारी विलगीकरण. महाराष्ट्रात जायला तिकडचा ई-पास लागायचा तो वेगळाच. म्हणजे आईला अर्धा तास बघून यायचं तर आठवडाभर घराबाहेर राहायची तयारी हवी. पुढे नियम बदलत गेले तेव्हा मी तो अर्ज छापून आणला. पण घरी अव्वांचं वय, मुलाचे ऑनलाइन तास, माझे स्वतःचे तास… अर्ज तसाच पडून राहिला. मनाला समजावलं, आई रोज फोनवर बोलते आहे ना? बरं हाय म्हणते आहे ना?

मग आला ऑगस्ट. 22 तारखेला गणपती बसले. 24 तारखेला कर्नाटक सरकारने परराज्यातून येणाऱ्यांसाठीची नोंदणी, शिक्का, विलगीकरण सगळं रद्द केलं. दुसऱ्याच दिवशी गौरी यायच्या होत्या! मी आनंदाने आईला फोन लावला, “आई, ये गौरीला. आता कोणी अडवत नाही.” तिकडून उत्तर आलं, “अगं, हिकडचा पास हाय न्हवं अजून?” खरंच की! इकडचं दार उघडलं होतं, पण महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायला ई-पास अजून लागतच होता. तो 2 सप्टेंबरपासून गेला. दोन सरकारांची दोन दारं, आणि आमचं घर मधल्या बोळात!

त्या वर्षी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य दाखवताना मला राहून राहून वाटत होतं, गौर माहेरी आली आणि मी मात्र वीस किलोमीटरवरच्या माझ्या माहेरी जाऊ शकत नाही.

2 सप्टेंबरला तिकडचंही दार उघडलं. पण वाचकहो, खरी अडचण त्यानंतरची होती. रस्ते मोकळे झाले तेव्हा आजार काही कमी झालेला नव्हता. उलट त्याच सप्टेंबरात देशात दिवसाला नव्वद हजारांवर रुग्ण सापडत होते. मनाई होती तोवर निर्णय सरकारचा होता; आता तो आमच्यावर आला. जावं तर आपण आईसाठी आजार घेऊन जाऊ की काय, न जावं तर ती एकटी. मी टाळत होते. अखेर हेच म्हणाले, “रविवारी जाऊन येऊ. सोप्यातच बसू, मास्क काढायचा नाही.”

गेलो. दार उघडंच होतं. आई सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी उंबऱ्यापाशी थांबले, पायऱ्यांवर ऊन होतं. आईने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोण हाय?”

मला वाटलं, मास्कमुळे ओळखलं नसेल. मी बोलले तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण पाणी प्यायला आत गेले आणि सगळं उमगलं. मिठाच्या बरणीला जाड दोरा बांधला होता, साखरेच्या बरणीला नव्हता. गॅसच्या शेगडीवर दूध उतू गेल्याचे डाग. निवडलेल्या तांदळात खडे तसेच. फोनवर एक अंक दाबला की माझा नंबर लागेल, असं शेजारच्या मुलाकडून करून घेतलं होतं. पाच महिने ती चाचपडत घर चालवत होती आणि मला सांगत होती, बरं हाय.

“आई, सांगायचं नाही का गं?” तर म्हणाली, “सांगून काय, तू नाक्यावर रडत बसली असतीस.”

त्याच दुपारी तिला आम्ही निपाणीला आणलं. कोगनोळीला गाडी कोणी अडवली नाही. वाटेत मला धास्ती होती ती अव्वांची. ज्या बाईने पाच महिने भाऊबंदांनाही पायरीवरून परत पाठवलं, ती काय म्हणेल? दाराशी बादली होतीच. अव्वा बाहेर आल्या. आईचे पाय धुतले गेले, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आईचा पाय पायरी शोधतोय हे अव्वांनी बघितलं मात्र, पुढे होऊन त्यांनी तिचा हात धरला. “ओळग बर्री,” म्हणाल्या. आत या. मार्चपासून त्यांनी बाहेरच्या माणसाला केलेला तो पहिला स्पर्श होता.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. औषधाचे थेंब घालायचं काम अव्वांनी कोणाला करू दिलं नाही. जानेवारीत दुसरा डोळा झाला. आणि बघा, ती मोकळीक किती थोडी होती! 2021 मध्ये दुसरी लाट आली. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे पुन्हा आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागू लागले, मे महिन्यात तर सकाळी सहा ते दहा एवढाच बाजार. सप्टेंबरातला तो रविवार मी आणखी पुढे ढकलला असता, तर आईची नजर आणखी वर्षभर लांबली असती.

माझी चूक अशी की, मी रस्ता बंद होता म्हणून गेले नाही असं सांगत राहिले. पण रस्ता उघडल्यावरही मी चार दिवस उंबऱ्यात घुटमळले. सरकारी आदेशाने नाका उघडतो. घर उघडायला घरातल्याच कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं. आमच्याकडे ते दोघांनी टाकलं. ‘रविवारी जाऊ’ म्हणणाऱ्या ह्यांनी आणि हात धरणाऱ्या अव्वांनी. मी फक्त मागून गेले.

आता नाक्यावर कोणी कागद विचारत नाही. तरी आपल्या सीमाभागातल्या किती घरांत अजून फोनवरच ख्यालीखुशाली चालते! पलीकडून ‘बरं हाय’ येतं, ‘आराम’ येतं, आणि आपण निर्धास्त होतो. म्हातारी माणसं कोणत्याही भाषेत एवढंच सांगतात. खरं काय ते त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं.

आईला आता लख्ख दिसतं. तरी मिठाच्या बरणीचा दोरा तिने सोडलेला नाही. मागच्या खेपेला मी सोडायला गेले तर म्हणाली, “असू दे. तू आलीस की तुला दिसंल.”