धाडसास मापनाची जोड

स्वहस्ते यंत्र घडविण्याचा छंद थोर खरा. परंतु जो शक्ती निर्माण करतो, त्याने ती मोजण्याची व आवरण्याची विद्याही संपादन केली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथील एका तरुण कारागिराने मोटारीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर रचले. शिक्षण आठवीपर्यंतचे, पण उमेद केवढी! २०२१ च्या ऑगस्टमध्ये चाचणी चालू असता पाते तुटून त्याच्या मस्तकावर आदळले व त्याचा अंत झाला.

मग असे छंद सोडून द्यावेत काय? मुळीच नव्हे. घरी लेसर बनविणारे हौशी लोक पाहा. अर्ध्या वॉटचा किरणही क्षणार्धात दृष्टी हिरावून घेतो. म्हणून त्यांतील जाणते लोक शक्तिमापकही स्वतःच बनवितात. काळ्या केलेल्या धातूच्या चकतीवर किरण पडला की ती तापते. किती तापली, यावरून किरणाची शक्ती कळते. संरक्षक चष्म्यावाचून ते किरण सुरू करीत नाहीत. अशी सावधगिरी म्हणजे भित्रेपणा नव्हे. ते शास्त्रच होय.

खेड्यापाड्यांत हिंमतीचा तुटवडा नाही. तिला प्रयोगशाळा व जाणता मार्गदर्शक मिळवून देणे, हे समाजाचे कर्तव्य आहे. त्या तरुणाचे खरे स्मारक तेच ठरेल.