४३ अंशांचा भरवसा

एप्रिल सरत आला आणि पारा त्रेचाळिसाला टेकला की पडेगाव-मिटमिट्याकडे एक वाक्य हमखास कानी पडतं: ‘यंदा ऊनच असं आहे, बागेतली कीड जळून जाईल.’ म्हणणारे अडाणी नसतात. उन्हाळी नांगरटीत उघडे पडलेले कोष तापून मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण मोकळ्या रानाचा न्याय बागेला लावला की फसगत होते.

मुळात तो आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला, जमिनीपासून चारेक फुटांवरच्या पेटीतल्या हवेचा. फळमाशी त्या पेटीत राहत नाही. तिची अळी आंब्याच्या गरात वाढते, मग बाहेर पडून झाडाखालच्या मातीत दोन-चार सेंटिमीटरवर कोष करते. वर केसरची दाट सावली, खाली ठिबकनं ओललेलं आळं, त्यावर पाचट. झाडासाठी केलेली सगळी बडदास्त कोषाला फुकट मिळते. बांधावर अनवाणी पाय ठेववत नाही त्या भर दुपारी आळ्यातली माती बोटानं उकरून पाहा. हाताला गार लागते, आणि गव्हाच्या दाण्याहून लहान, पिवळट-तपकिरी कोष त्यात धडधाकट सापडतात.

उष्णतेनं अळी मरते, हे मान्यच. ती किती लागते, ते निर्यातवाल्यांना विचारा. फळमाशीच्या धास्तीनं वीस वर्षं बंद असलेलं जपानचं दार २००६ मध्ये उघडलं, ते बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर: तापमान ४७.५ अंशांवर न्यायचं आणि तिथं २० मिनिटं धरायचं. हवेचं नव्हे, फळाच्या गराचं. शिवाय हळूहळू तापलेली कीड उन्हाला सरावते. १९६२ मध्ये इटलीच्या रितोसांना ड्रोसोफिला माशीत उष्णतेनं जनुकं जागी होताना दिसली. पेशी सावरून धरणारी प्रथिनं त्यातूनच पुढं उमगली.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ऊन वाढलं, कीड वाढली, तेव्हा फवारणी वाढवा, असा सल्ला औषधाच्या दुकानात मिळतो. त्यात अर्धं तथ्य आहे. तिशीपर्यंत अळी झपाट्यानं वाढते. कोरड्या उन्हात फुलकिडे आणि मोसंबीवरचे कोळी (कोळी कीटक नव्हे, पण नुकसान तेवढंच) फोफावतात. मात्र पस्तिशीपुढे फळमाशीची अंडी कमी उबतात, नरही वांझ होऊ शकतात. अशा वेळी सरसकट फवारा मारला तर आधी मित्रकीटक जातात. किडीवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या बहुधा किडीपेक्षाही उन्हाला हळव्या. गंधक तर त्या तापमानात पानंच करपवतं, आणि करपलेली पानं दाखवायला आपण पुन्हा त्याच दुकानात जातो!

उन्हाचा उपयोग आहे, पण त्याला अळीपर्यंत न्यावं लागतं. गळलेली फळं रोज वेचून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवली, तर आतली अळी खरोखर शिजते. काढणी आटोपताच, पहिल्या पावसाआधी, पाचट बाजूला सारून आळं हलकं चाळावं. उघड्या कोषांचा समाचार ऊन, मुंग्या आणि साळुंक्या घेतात. मिथाइल युजेनॉलच्या वासानं नर ओढणारे सापळे त्याआधीच टांगलेले असावेत. ‘एवढ्याला मजूर कुठून आणायचा?’ हा प्रश्न खरा आहे, पण फळं काढायला माणसं येतातच. खाली पडलेलं त्यांच्याकडूनच वेचून घ्यावं.

तरीही ज्यांचा उन्हावरच भरवसा आहे, त्यांनी पावसाळ्यात दौलताबादच्या वाटेवर पेरू घेऊन तो कापून पाहावा. आंबा संपला की माशी पेरूकडे वळते. त्या पेरूत वळवळणाऱ्या अळ्यांच्या आज्या मे महिन्यातल्या त्याच त्रेचाळीस अंशांत, आंब्याच्या आळ्यात होत्या.