डोकं थंड ठेवा, बॉस!

विश्रामबागेत दोन विषयांवर मत नसलेला माणूस शोधून दाखवा, माझ्याकडून पार्टी! पहिला विषय, चांगलं भडंग कुठलं. दुसरा, गाडीच्या रेडिएटरमध्ये काय घालायचं, पाणी की कूलंट? पहिल्यावर मी तोंड उघडणार नाही, मला इथंच राहायचंय. दुसऱ्यावर मात्र बोलायलाच हवं. कारण आपण ईएमआयवर गाडी घेतो, म्युझिक सिस्टीम निवडायला चार वीकेंड घालवतो आणि बॉनेट उघडायची वेळ आली की वॉचमनकडे बघतो.

आमच्या घरात पाणी पार्टीचे अध्यक्ष म्हणजे बाबा. बाटलीवर ‘अँटिफ्रीझ’ वाचलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, “सांगलीत कुठं बर्फ पडतोय रे?” प्रश्न बिनतोड आहे. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ही सोय लेह-लडाखवाल्यांना हवी. आपल्याकडे डिसेंबरात स्वेटर घातला तरी लोक विचारतात, बरं नाही का?

बाबांच्या पिढीला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. आमच्या विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि १९५५ साली त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे तिच्याच पद्मिनीतून निम्म्या महाराष्ट्राची लग्नाची वऱ्हाडं गेली. दुसरीकडे अॅम्बेसिडर होती, तिच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. रेडिएटर तांब्या-पितळेचे. मालक दर रविवारी बॉनेट उघडून बसायचा. अशा जमान्यात डिकीतला पाण्याचा कॅन पुरून जायचा.

आता गाड्या बदलल्या. बहुतेक गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची, नळ्या बारीक. त्यात बोअरचं पाणी ओतलं तर काय होतं हे बघायला गॅरेजमध्ये जायची गरज नाही. घरातल्या गीझरची कॉइल बघा. पांढरा थर दिसतो ना? तोच क्षार इंजिनात बसतो. वर गंज. नळ्या हळूहळू बुजतात, आणि वाईट म्हणजे वर्ष-दोन वर्षं काहीच कळत नाही.

कळतं ते घाटात. माझा एक मित्र, हिंजवडीत नोकरीला, आई-वडिलांना घेऊन रत्नागिरीला गेला. परत येताना आंबा घाटाच्या चढावर टेंपरेचरचा काटा लालमध्ये. गाडी धुणारा मुलगा दोन वर्षं इमानदारीने बोअरचं पाणी टॉप-अप करत होता. हेड तापून वाकलं, गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याची दुधाची कॉफी झाली. बिल पाच आकडी. ते हप्त्याने फिटलं. पण बीपीची गोळी घेणारे वडील भर उन्हात तीन तास दगडावर बसून राहिले, ते त्याच्या मनातून अजून जात नाही.

मग कूलंट नेमकं करतं काय? त्यात मुख्यतः ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं. रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरच समजा. दाबामुळे आतलं साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण १३० च्या आसपास. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे घाट चढताना हा दहा अंशांचा फरक कामाला येतो.

आता गंमत ऐका. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस असतं! म्हणून निव्वळ कूलंट ओतणंही चूक. त्याने इंजिन जास्त थंड होत नाही. निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ अंशांनाच गोठतं, म्हणजे मिश्रणाच्या कितीतरी आधी. शंभर फुटी रोडवरच्या आमच्या मिस्त्रीमामांनी हा सगळा फंडा एका वाक्यात सांगितला, “साहेब, पाणी वाईट न्हाय ओ. नुसतं पाणी वाईट.”

म्हणजे भांडण पाणी विरुद्ध कूलंट असं नाहीच. निम्मं पाणीच असतं, फक्त ते कुठलं आणि कुणाच्या सोबतीने, एवढाच प्रश्न. तेव्हा पुढच्या ट्रिपआधी एवढं करा. रेडी-टू-यूज कूलंट असेल तर त्यात काही मिसळू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाचं नको आणि मिनरल वॉटरची बाटलीही नको. हिरवं, गुलाबी, निळं या रंगांवर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते घ्या. दोन प्रकारांचं कॉकटेल अजिबात नको. गंज रोखणारी रसायनं संपत जातात, म्हणून बदलायची मुदत पाळा. लेव्हल थंड इंजिनावर, बाटलीच्या मिन-मॅक्स रेषांमध्ये बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहऱ्यावर वाफ घेणं, आणि ती पार्लरमधली नव्हे! काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

आणि घाटात अडकलात, जवळ फक्त पिण्याचं पाणी आहे? गाडी पूर्ण थंड होऊ द्या, बिनधास्त घाला आणि हळूहळू गॅरेज गाठा. त्या दिवशी बाबा जिंकले म्हणायचं. पण घरी आल्यावर सिस्टीम फ्लश करून कूलंट भरा. बाबांना बिल दाखवलं नाही तरी चालेल.