जाब सांगणाऱ्याला विचारा

टोकावड्याच्या आसपास कुठेही जा, शाळेच्या पडवीत, भाताच्या बांधावर किंवा मुरबाडच्या कारखान्यांत, एक तक्रार कानावर येतेच: "यांना दहादा सांगा, शेवटी करायचं तेच करतात." समोर ठाकर-कातकऱ्यांची पोरं असली की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "यांच्या डोक्यातच शिरत नाही." हे साफ खोटं आहे. याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या बायका पाठीला दप्तर अडकवून मुळाक्षरं गिरवू लागल्या. शिकवणाऱ्याने नीट शिकवलं, तर डोक्यात शिरतं. काम बिघडलं की पहिला जाब सांगणाऱ्याला विचारला पाहिजे.

सांगावं कसं, हे पाहायचं तर डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड पाहावी. "रोपांत योग्य अंतर ठेवा, खत बेताने टाका" एवढंच सांगितलं असतं, तर दहा जणींनी दहा तऱ्हांनी लावणी केली असती, आणि चूक एकीचीही नसती. इथे दोरीवरच 25 आणि 15 सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा असतात. दोरी सरकवायची तीही त्याच मापाने. खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. चार चुडांचा जो 15 सेंटिमीटरचा चौकोन होतो, त्याच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक खताची गोळी त्याच दिवशी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत. अंदाजावर काही सोडलेलंच नाही. पहिल्यांदा लावणीला उतरलेल्या मुलीलाही हे जमतं, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते तिचं तिला दिसतं. मात्र तिच्या हातात दोरी द्यायला हवी. मे महिन्यात सभागृहात वाचून दाखवलेली मापं जुलैच्या चिखलात कुणाला आठवणार?

शाळेत नेमकं हेच होत नाही. घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला एका दमात सांगितलं जातं, "समास आखा, दिनांक लिहा, उतारा सुवाच्य अक्षरात उतरवा आणि कठीण शब्द अधोरेखित करा." पोर बिचारं शेजारच्याच्या वहीत बघतं आणि नक्कल केली म्हणून बोलणी खातं. वर "समजलं का?" असं विचारलं की सगळा वर्ग "हो" म्हणतो. या "हो"वर विसंबून पुढे जाणं हा शिक्षकाचा आळस आहे. "आता आधी काय करशील, सांग बरं," असं एकाला विचारलं तरी कुठे अडलं ते लगेच कळतं.

यावर आक्षेप येतो की इतकं उलगडून सांगितलं तर मुलं परावलंबी होतील. आक्षेपात तथ्य आहे, पण ते गणितापुरतं. तिथे वाट शोधणं हेच शिक्षण असतं, म्हणून ती आयती दाखवू नये. जुलाबावरच्या ओआरएसच्या पुडीला पाणी किती, यात मात्र शोधण्यासारखं काय आहे? एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून पाजली, तर त्या खारट पाण्याने तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. तिथे लिटरची बाटली आईच्या हातात देऊन, पुडी तिच्याकडूनच कालवून घ्यायला हवी.

ऐकणाऱ्याचंही कर्तव्य आहे, ते विचारण्याचं. पण विचारणं त्याला परवडलं पाहिजे. कारखान्यात रोजंदारीवरच्या पोराने शंका काढली आणि "एवढंही कळत नाही?" असं ऐकून घेतलं, की पुढच्या वेळी तो गप्प राहतो आणि अंदाजाने बटण दाबतो. बोटं जातात ती त्याची, आणि चौकशीत निष्काळजीपणाही त्याच्याच नावावर चढतो. म्हणून पाळी सुरू होताना नव्या कामगाराने यंत्र चालू कसं करायचं, अडकलं तर आधी काय बंद करायचं आणि हाक कुणाला मारायची, हे स्वतःच्या शब्दांत सांगावं. सुपरवायझरने ते मध्ये न तोडता ऐकावं, आणि कामगाराचं सांगणं चुकलं तर त्याला यंत्राजवळ नेऊन पुन्हा दाखवावं. तोवर यंत्र बंदच राहू द्यावं.