पैसा थांबला, बातमी थांबू नये

20 ऑगस्ट 2025 ला लोकसभा, 21 ला राज्यसभा आणि 22 ला राष्ट्रपतींची सही. ऑनलाइन गेमिंगचा कायदा तीन दिवसांत झाला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, पोकरबाझी यांनी पैशांचे खेळ ऑगस्टमध्येच थांबवले. ड्रीम इलेव्हन गेल्याने सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघाच्या जर्सीवर प्रायोजकाचे नाव नव्हते, हे सगळ्यांनी पाहिले. पोकरवर लिहिणारे, बोलणारे, पोकर दाखवणारे जे छोटे माध्यमविश्व आपल्याकडे उभे राहू लागले होते, त्याचे काय झाले याची विचारपूस मात्र फारशी कुणी केली नाही.

ही माणसे आपल्याच धंद्यातली आहेत. स्पर्धांचे वार्तांकन करणारे वार्ताहर, समालोचक, टेबलाच्या काठात बसवलेल्या कॅमेऱ्यातून खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणारे तंत्रज्ञ, ग्राफिक्स करणारी मुले, डाव उलगडून सांगणारे यूट्यूबर. पुढचे पान पडायच्या आत कुणाची बाजू किती टक्के जड आहे हे सांगणे सोपे काम नव्हे. त्यांच्यापैकी अनेकांची रोजीरोटी गेली. त्याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, आणि हे आधी सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे बरे नाही.

पुढचा मुद्दा हा, की ही रोजीरोटी येत कुठून होती? पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी डावातल्या रकमेतून आपला हिस्सा काढून घेते. त्याला रेक म्हणतात. एखाद्या चॅनेलने आपल्या लिंकवरून खेळाडू पाठवला, की त्या खेळाडूच्या रेकमधला वाटा चॅनेलला मिळतो, आणि तो खेळत राहील तोवर मिळत राहतो. परदेशी सट्ट्याच्या ॲपमध्ये तर हा वाटा बऱ्याचदा थेट खेळणाऱ्याच्या तोट्यावर ठरतो. वाचक जितका बुडेल तितके लिहिणाऱ्याला जास्त मिळणार असेल, तर त्या लिहिणाऱ्याने वाचकाच्या बाजूने कंपनीला जाब विचारावा अशी अपेक्षा तरी कशी करायची?

अमेरिकेत हे आधी घडून गेले आहे. 15 एप्रिल 2011 रोजी तिथल्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या कंपन्यांच्या प्रमुखांवरचे आरोपपत्र खुले केले. पोकरवाले त्या दिवसाला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. एनबीसीवर ‘पोकर आफ्टर डार्क’ हा कार्यक्रम 2007 पासून रात्री उशिरा लागायचा. त्याचा पैसा फुल टिल्टचा होता, तो आटला आणि कार्यक्रम संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्याय खात्याने न्यायालयात सांगितले, की मार्च 2011 अखेर फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर जमा असायला हवे होते आणि बँकेत होते जेमतेम 6 कोटी. ज्या नावाची पाटी कार्यक्रमात रोज झळकत होती, त्या कंपनीच्या तिजोरीत लोकांचा पैसाच नव्हता. प्रायोजकाच्या स्टुडिओत बसून हे शोधून काढणे कुणालाही जड गेले असते.

आपला मुंबईचा दाखला याहून जुना आहे. 1950 च्या सुमारास बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक मुंबई राज्यात खपायचे. त्यात आर.एम.डी. चमारबागवाला यांची कोडी असत. अंकातला फॉर्म भरायचा, प्रवेशशुल्क पाठवायचे आणि बक्षिसाची वाट बघायची. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मागता येणार नाही, असा निकाल सरन्यायाधीश सु. र. दास यांच्या पीठाने 9 एप्रिल 1957 रोजी दिला. त्याआधीच, 1955 मध्ये, केंद्राने कायदा करून अशा स्पर्धांना महिन्याला एकूण 1,000 रुपयांच्या बक्षिसाची मर्यादा घातली होती. तेव्हाही कोड्यांवर जगणाऱ्या अंकांचे गणित मोडले असणार. पण शब्दकोडे काही मेले नाही, आजही ते रोजच्या पेपरात येते आणि लोक पेन घेऊन बसतात. पोकरवर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डावाचे विश्लेषण, त्यातले गणित, समोरच्याचे मन ओळखण्याची कला, यांवर लिहायला कायद्याची आडकाठी नाही. मिळकत तेवढी नसेल, हेही खरे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धाराशिवच्या पत्रकाराला जुगाराची बातमी नवी नाही. पोलिसांच्या रोजच्या प्रेसनोटमध्ये ती असतेच: अमुक गावच्या शिवारात तिरट जुगार खेळताना इतके जण मिळून आले, पत्त्याची पाने आणि इतकी रोख रक्कम जप्त; नाहीतर कल्याण मटक्याचे आकडे लिहिलेली चिठ्ठी. आपण ती नावानिशी छापतो. झाडाखाली पाचशे-हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाचे नाव पेपरात येते, आणि त्याच काळात रमीच्या ॲपची जाहिरात नट-नट्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांसह टीव्हीवर, मोबाइलवर, आपल्या पोर्टलच्या पानावर झळकत होती. त्या ॲपची बातमी कुणी केली?

जून 2025 मध्ये धाराशिव तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन रमीच्या कर्जात बुडालेल्या तरुणाने पत्नी आणि दोन वर्षांच्या मुलासह स्वतःचे आयुष्य संपवल्याची बातमी आली. पुढच्याच महिन्यात विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. तो वाद रंगला, खाते बदलले, आणि त्या गावातले घर मागे पडले. कर्ज कुणाकडून काढले होते, लिंक कुणी दिली होती, घरातल्यांना कधी कळले, हे प्रश्न तालुक्याचा वार्ताहर विचारू शकतो. मुंबईहून कुणी ते विचारायला येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की जाहिरात गेली म्हणून विषय सोडू नका. बंदीने खेळ संपत नाही, तो नजरेआड जातो, टेलिग्रामच्या गटांत आणि परदेशी ॲपवर. बातमीची गरज खरी आता आहे.

कायदा नीट समजून घ्या. ऑनलाइन पैशांच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आडवळणाने केलेला प्रचारही त्यात येतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात पोचले आहे, पण त्या भरवशावर आज जाहिरात घेऊ नका. बातमी, टीका, मुलाखत म्हणजे जाहिरात नव्हे. मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो गोव्याच्या वेगळ्या कायद्याखाली चालतात, तिथल्या पोकर स्पर्धेचा निकाल देता येतो. पण त्या चित्रणात टेबलावर एखाद्या परदेशी ॲपचे चिन्ह दिसत असेल, तर ते दाखवण्याआधी वकिलाला विचारा.

सगळ्यात मोठा धोका छुप्या जाहिरातीचा. सट्ट्याच्या कंपन्या ‘क्रीडा बातम्यां’चे संकेतस्थळ काढून त्याच नावाची, त्याच चिन्हाची जाहिरात करतात, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर 2022 च्या सूचनेत नावानिशी सांगितले आहे. तालुक्याच्या यूट्यूब चॅनेलला व्हॉट्सॲपवर निरोप येतो: फक्त स्कोअरची पट्टी चालवा, बायोमध्ये लिंक टाका, डिपॉझिटमागे कमिशन. महिन्याचे बिल ज्यांचे वाढदिवसाच्या जाहिरातींवर निघते, त्यांना हा मोह किती मोठा आहे हे आम्ही जाणतो. तरी नाही म्हणा. पोर्टल चालवत असाल तर ॲडसेन्सच्या खात्यात जाऊन जुगार-सट्ट्याचा प्रकार बंद आहे का ते आजच तपासा. कर्जापायी गेलेल्या माणसाच्या बातमीखाली कमाईचे आमिष दाखवणारी चौकट येणे, हे त्या घरातल्यांनी पाहावे असे काही नव्हे.

आत्महत्येची बातमी करताना प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये दिलेली सूत्रे पाळा. पद्धतीचे वर्णन नको, मथळ्यात थरार नको आणि शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक द्या.

कर्ज, ॲप आणि घर या विषयावर तालुक्यातून लिहिलेले वृत्तान्त आम्ही पुढच्या अंकापासून छापणार आहोत. पैसे कोणत्या खात्यावर गेले, तक्रार सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कधी नोंदवली, पोलिसांनी पुढे काय केले, एवढी माहिती त्यात हवी. घरच्यांची नावे नकोत. कळंब, भूम, परंडा, वाशी, उमरगा, लोहारा, तुळजापूर, धाराशिव, कुठूनही पाठवा. मानधन देऊ.